आकडा मांडून निघून जाऊ नकोस

राहाता, जि. अहिल्यानगर

चि. छकुली,


तुझं पत्र मिळालं. एम.एस्सी. पुरी करायची की सगळं अर्ध्यात टाकून एमपीएससीच्या क्लासला पुणं गाठायचं, हा तुझा घोळ. तुझ्या वडिलांचं मत मला फोनवर ऐकून ऐकून पाठ झालंय, पोरगी क्लास वन झाली पाहिजे. होशील, त्यात मला शंका नाही. पण तू विचारलंयस ते निराळंच. कृषी अर्थशास्त्र शिकून माणूस नेमकं करतो काय? गावच्या सहकारी सोसायटीच्या सचिवकीत जन्म गेलेल्या माणसानं याचं उत्तर काय द्यावं! तरी आपल्या भागात या विषयातला एक मोठा माणूस वावरून गेला, त्याच्याविषयी लिहितो. तुमच्या परीक्षेत तो ‘गाडगीळ सूत्र’ या एका प्रश्नापुरता उरलाय, म्हणून जरा जास्तच लिहीन.

धनंजयराव गाडगीळ. जन्म नाशिकचा, १९०१ चा. केंब्रिजला शिकले. हिंदुस्थानच्या औद्योगिक वाढीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपानं निघाला. मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडे दिवस नोकरी, मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य, आणि १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालक. त्या खुर्चीत १९६६ पर्यंत. ही यादी कुठेही मिळेल, म्हणून भराभर उरकली.

केंब्रिजहून आलेल्या या माणसानं पुण्यात बसून आधी मोजलं काय, ते मात्र बघण्यासारखं आहे. पुण्याच्या बाजारात फळं कशी विकली जातात, ही पाहणी १९३३ साली छापून आली. नंतर वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च. तुमच्या वर्गात आज कुणी ‘पेरूची आडत’ हा विषय घेतला तर बाकीचे हसतील. त्यांना ‘जागतिक व्यापार’ हवा असतो.

मग ते आपल्याकडे वळले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची त्यांनी केलेली पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोध, मिळाली तर आधी तीच वाच. भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं १९२६ साली. सरकारचा हिशेब एवढाच असे की पाणीपट्टी किती आली आणि धरणात घातलेल्या भांडवलावर व्याज सुटलं का. नाही सुटलं, तर धरण तोट्यात. गाडगीळांचं म्हणणं, हा हिशेब अर्धवट आहे. पाण्यामुळे मजुराला काम मिळालं, बाजारपेठ उभी राहिली, व्यापार वाढला, दुष्काळात सरकारला पदरचं घालावं लागतं ते वाचलं; हे सगळं कुठल्या खात्यात धरणार? आज धरणाच्या बातमीत ‘अप्रत्यक्ष लाभ’ हा शब्द सहज येतो. आपल्याकडे तो गावोगाव फिरून मोजून दाखवला तो या पाहणीनं.

इथपर्यंत आलेले विद्वान बरेच असतात. अहवाल छापला, नाव झालं, पुढचा विषय. गाडगीळ थांबले, आणि हे पत्र मी त्या थांबण्यासाठी लिहितोय.

तेव्हा इकडचे साखर कारखाने खाजगी होते, हरेगावचा, टिळकनगरचा. कालव्याचं पाणी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आलं होतं, पण उसाचा खरा पैसा कारखानदाराकडे जात होता. १९४५ साली बेलापूरला बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना हा विचार तिथे बळावला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ पासूनच सहकारी पतपेढी चालवली होती. त्यांनी गावोगाव हिंडून शेअर गोळा केले, १९४८ च्या अखेरीस प्रवरा कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ ला पहिला गळीत हंगाम लागला. गाळप रोजचं पाचशे टन. आजचे कारखाने त्याच्या कितीतरी पट गाळतात, पण त्या पाचशे टनांवर अख्ख्या महाराष्ट्राचा साखर-सहकार उभा राहिला. आणि पहिली दहाएक वर्षं अध्यक्ष कोण, तर पुण्याच्या संस्थेतले हे प्राध्यापक.

त्यांना काय अडलं होतं? हंगाम फसला असता तर नाव त्यांचंच गेलं असतं. शेतकऱ्याचा मात्र दुहेरी फायदा झाला. सरकार आणि कर्ज देणाऱ्या संस्था गाडगीळांच्या शब्दावर विसंबत, आणि विखे पाटलांच्या शब्दावर गावं. एकाकडे हिशेब, दुसऱ्याकडे माणसं. यातला एक जरी नसता तरी चाक निखळलं असतं, असं आमच्या पिढीचं तरी मत आहे.

पुढे रिझर्व्ह बँकेची ग्रामीण पतपाहणी झाली. ती करणाऱ्या गोरवाला समितीत गाडगीळ होते. पंचाहत्तर जिल्हे, सहाशे गावं, सव्वा लाखाच्या वर कुटुंबं. १९५४ साली अहवाल आला. शेतकऱ्याच्या एकूण उसनवारीत सहकारी संस्थांचा वाटा निघाला ३.१ टक्के, आणि शेती करणारे सावकार अन् धंदेवाईक सावकार मिळून जवळपास ७० टक्के. दुसरा एखादा म्हणाला असता, सहकार फसला, बंद करा. समिती म्हणाली, फसलाय खरा, पण दुसरा रस्ता नाही. कर्ज एकटं देऊ नका, त्याला माल विकण्याची आणि प्रक्रियेची जोड द्या. सोसायटीनं कर्ज द्यायचं, कारखान्यानं ऊस घ्यायचा आणि बिलातून सोसायटीचे पैसे कापायचे, हे आपल्याकडे आज कुणाला नवल वाटत नाही. पण गाडगीळ त्या समितीच्या बैठकीला बसत तेव्हा प्रवरेत ते डोळ्यांसमोर चालू होतं.

आता तुझ्या प्रबंधाकडे. ‘पीककर्जाची परतफेड’ हा विषय चांगला आहे, पण बँकेकडून तक्ते मागवून भागवायचं असेल तर नको करूस. का ते सांगतो.

मार्च उजाडला की आमच्याकडे ‘नवं-जुनं’ चालतं. एकतीस तारखेच्या आत पैसे भरले तर व्याजात सवलत, आणि पुढचं कर्ज लगेच मंजूर. उसाचं बिल आलेलं नसतं, कांदा अजून वावरात असतो. मग शेतकरी कुणाकडून तरी आठ-दहा दिवसांसाठी पैसे उचलतो, त्याचं व्याज मोजून देतो, सोसायटी भरतो, नवं कर्ज हातात पडलं की उचललेले परत करतो. रजिस्टरला वसुली चोख. तक्त्यात हा शेतकरी ‘नियमित कर्जदार’. त्या आठ-दहा दिवसांत तो किती सोलपटला हे कुठल्याच रकान्यात नाही. १९५४ चा तो सत्तर टक्के सावकार गेला असं वाटतं, पण तो मार्चमध्ये आठवडाभर हजेरी लावून जातो.

म्हणून गावात जा. ‘कर्ज आहे का?’ असं विचारशील तर ‘नाही’ ऐकून परतशील. ‘गेल्या मार्चला सोसायटी कशी भरली?’ असं विचार, मग चहा येईल आणि सगळं निघेल. घरातल्या बाईला वेगळं, पुरुषांच्या माघारी विचार: बचत गटाचा हप्ता कोणता, मायक्रोफायनान्सवाला आठवड्याच्या कुठल्या वारी येतो, दागिने घरात आहेत की गहाण. नवऱ्यानं सांगितलेल्या कर्जाचा आणि तिनं सांगितलेल्या कर्जाचा मेळ बसला नाही तर घाबरू नकोस, दोन्ही लिहून ठेव.

क्लास वनचं म्हणशील तर मी आड येत नाही. गाडगीळांनीही सरकारचं काम पुष्कळ केलं. १९४७ साली किंमत मंडळावर होते. धान्यावरचे निर्बंध एकदम उठवू नका असा मंडळाचा सल्ला, सरकारनं ऐकला नाही. त्यांनी आपलं मत काही बदललं नाही. १९६७ ला योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राचा पैसा तोवर पुष्कळसा बैठकीतल्या घासाघिशीवर मिळे. १९६९ ला त्यांच्या सूत्रानं वाटणी ठरली: साठ टक्के लोकसंख्येवर, आणि दहा-दहा टक्के दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू असलेली मोठी पाटबंधारे-वीज कामं आणि राज्याच्या खास अडचणी यांवर. उपाध्यक्षाच्या हातातली मोठी सत्ता उपाध्यक्षानंच कागदावर बांधून टाकली. असा अधिकारी झालीस तर पेढे मी वाटीन. १९७१ च्या मे महिन्यात दिल्लीचं काम सोडून पुण्याला परतताना ते प्रवासातच गेले.

एक सलते ती गोष्टही लिहितो. कारखान्याची खुर्ची त्यांनी सोडली आणि त्यानंतर तसा प्राध्यापक तिथे बसल्याचं मी पाहिलं नाही. खुर्च्या घराण्यांकडे गेल्या, ऊस वाढला, पाणी तेवढंच राहिलं. लोक पुढाऱ्यांना बोल लावतात, मीही लावतो. पण शिकलेल्यांनी अहवाल पुण्या-मुंबईत छापले आणि इकडे कुणी पाऊल टाकलं नाही, हेही तेवढंच खरं.

तेव्हा असं कर. परीक्षा वर्षभर थांबेल. एप्रिल-मेमध्ये, नवं-जुनं आटोपल्यावर, माझ्याकडे ये. दोन कालव्याखालची गावं धर आणि दोन डोंगराकडची कोरडवाहू, संगमनेरच्या पठारावरची चालतील. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागेल, लिही. पण सप्टेंबरअखेरपर्यंत सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात, तिथे उभी राहून तुझे आकडे मराठीत वाच, कुणाचं नाव न घेता. शेतकरी उलटे प्रश्न विचारतील, कुणी एखादा भांडेलही. सभेची तारीख मी अध्यक्षांकडून आधीच घेऊन ठेवतो. येताना साधी चप्पल आण, वावरात सँडल टिकत नाहीत.

तुझा,
काका