चित्रफितींचे एकगठ्ठा रूपांतर : साधनाची निवड कशी करावी?

कवितागायन, विज्ञानातील प्रयोग, क्षेत्रभेट यांचे चित्रण आता पुष्कळ शिक्षक आपल्या मोबाइलवर करतात. परंतु ते शाळेच्या टीव्हीवर चालेलच असे नाही. कधी आवाज ऐकू येतो पण चित्र उमटत नाही. कधी फाइल इतकी मोठी असते की पेन ड्राइव्हमध्ये मावत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासिकेतील दहा मिनिटे यंत्राशी झटण्यात गेली, तर ती मुलांच्या वाट्यातून गेली हे उघड आहे. म्हणून अनेक फायलींचे रूपांतर एका वेळी, थोड्या अवधीत व निर्धोकपणे कसे करावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. लखोटा आणि लिपी

प्रत्येक चित्रफितीत दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही नावे लखोट्याची आहेत. आतील पत्र कोणत्या लिपीत लिहिले आहे, हे एच.२६४ किंवा एचइव्हीसी अशा नावांवरून कळते. पहिली पद्धत २००३ साली प्रमाणित झाली व ती जवळजवळ सर्व यंत्रांना वाचता येते. दुसरी २०१३ सालची. ती कमी जागेत अधिक मजकूर बसविते, परंतु जुन्या संचांना ती उमगत नाही.

मोडीतील पत्र बालबोधीत उतरवावयाचे असेल, तर प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते. पत्र मुळातच बालबोधीत असेल, तर केवळ लखोटा बदलला की काम झाले. चित्रफितीचेही तसेच आहे. आतील लिपी एच.२६४ असून लखोटा तेवढा टीव्हीला अपरिचित असेल, तर चित्र पुन्हा घडविण्याचे कारण नाही. असे काम बहुधा काही सेकंदांत होते व चित्राचा दर्जा यत्किंचितही उणावत नाही. म्हणून साधन निवडण्यापूर्वी आपली गरज लखोट्याची आहे की लिपीची, हे आधी ठरवावे.

२. वेग कशावर अवलंबून असतो?

लिपी बदलावयाचीच असेल, तर वेग तीन गोष्टींवर ठरतो. पहिली, चित्राचा आकार : १०८० रेषांऐवजी ७२० रेषांचे चित्र केल्यास यंत्राचे श्रम कमी होतात, आणि वर्गातील साधारण संचावर तेवढे चित्र सहसा पुरते. दुसरी, संकेतनाची चाल : प्रणाली घाईने काम करील तर फाइल थोडी मोठी होते, सावकाश करील तर लहान होते. तिसरी, यंत्रातील खास सोय : इंटेलची क्विक सिंक, एनव्हिडियाची एनव्हीइएनसी अशा सोयी ज्या संगणकात आहेत, तेथे काम पुष्कळ लवकर उरकते. मात्र तेवढ्याच आकाराच्या फाइलीत चित्र किंचित उणे उतरू शकते.

आकाराचा हिशेब साधा आहे. सेकंदाला १६ मेगाबिट या दराचे दहा मिनिटांचे चित्रण १,२०० मेगाबाइट होते; दर २ मेगाबिट केल्यास ते १५० मेगाबाइट होते. अशा वीस फिती मूळ रूपात २४ गिगाबाइट भरतात, रूपांतरानंतर केवळ ३.

३. तीन विनामूल्य साधने

एफएफएमपेग हे २००० सालापासून विकसित होत आलेले साधन असून अनेक रूपांतरप्रणालींच्या मुळाशी तेच आहे. ते लेखी आज्ञांवर चालते. आज्ञा लिहिण्याचा सराव असणाऱ्यास याहून समर्थ साधन क्वचितच मिळेल. हँडब्रेक हे २००३ सालापासूनचे साधन बटणांवर चालते व संपूर्ण फोल्डरच्या फायली रांगेत लावून घेते. परंतु ते चित्र प्रत्येक वेळी नव्याने घडविते, केवळ लखोटा बदलत नाही. शटर एन्कोडरमध्ये लखोटा बदलण्यासाठी ‘रीरॅप’ ही सोय आहे. तात्पर्य, लिपी बदलावयाची तर हँडब्रेक आणि लखोटाच बदलावयाचा तर शटर एन्कोडर, अशी विभागणी नवशिक्या शिक्षकास सोयीची ठरेल.

४. कार्यपद्धती

(अ) सर्व मूळ फायली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात. रूपांतरित फायलींसाठी दुसरे फोल्डर करावे.
(आ) हँडब्रेकमध्ये पहिले फोल्डर उघडून ‘फास्ट ७२०पी३०’ हा तयार नमुना निवडावा.
(इ) प्रथम एकाच फाइलीतील एक मिनिटाचा भाग रूपांतरित करून तो शाळेच्याच टीव्हीवर पाहावा.
(ई) त्यास लागलेला वेळ मोजावा. एका मिनिटास तीस सेकंद लागले, तर दहा मिनिटांच्या वीस फितींस सुमारे शंभर मिनिटे लागतील.
(उ) मगच सर्व फायली रांगेत घालून काम सुरू करावे.

५. दक्षता

रूपांतर नेहमी मूळ फाइलीवरूनच करावे. नकलेची नकल केल्यास दर खेपेस चित्र थोडे बिघडते. काम चालू असता वीज गेली, तर अर्धवट राहिलेली एमपी४ फाइल बहुधा उघडत नाही. म्हणून प्रत्येक फाइल आरंभी, मध्ये व शेवटी तपासल्यावाचून मूळ प्रत पुसू नये. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण पुन्हा करता येत नाही.

प्रणाली तिच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी व तेथेही सावध असावे. मे २०१७ मध्ये हँडब्रेकच्या एका वितरण-सर्व्हरवर मॅक संगणकांसाठीच्या फाइलीच्या जागी घातक फाइल ठेवली गेली होती. अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून प्रकाशक प्रत्येक फाइलीची पडताळणी-संख्या देतात; ती जुळवून पाहावी.

सर्वांत महत्त्वाचे असे की, ‘फाइल येथे चढवा, रूपांतर करून देऊ’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर मुलांचे चित्रण पाठवू नये. तेथे फाइल परक्या संगणकावर जाते. पालकांनी आपली मुले शाळेच्या हवाली केलेली असतात. त्यांचे चेहरे व आवाज हीही त्याच विश्वासाची ठेव होय.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील पाच चित्रफितींचा लखोटा व लिपी शोधून तक्ता करा.
२. त्यांपैकी किती फितींना केवळ लखोटा बदलणे पुरेल ते ठरवा.
३. सेकंदाला ४ मेगाबिट दराची १५ मिनिटांची फीत किती मेगाबाइट होईल? (उत्तर : ४५०)