परिचारिका आणि डोळ्याची सुई

मधुमेहाने दृष्टिपटलास सूज आली म्हणजे डोळ्यात औषधाची सुई द्यावी लागते, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. ती एकदा देऊन भागत नाही. आरंभी बहुधा दरमहा द्यावी लागते. कडेगावच्या वृद्धाने त्यासाठी मिरज गाठावयाची, म्हणजे त्याचा व सोबत्याचा दिवस मोडतो. मग खेपा चुकतात, आणि गेलेली दृष्टी पुष्कळदा परत येत नाही.

हे काम गावीच शिक्षित परिचारिकेने का करू नये? कृती पाहावी: बधिर करणारे थेंब, आयोडिनाने शुद्धी, मग बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मोजून पांढऱ्या भागात सुई. क्वचित जंतुदोष होऊन डोळा जातो, हे खरे. म्हणून ते कोणाच्याही हाती देण्याजोगे नव्हे. तथापि इंग्लंडात नेत्रवैद्यांच्या रॉयल कॉलेजाने २०१३ साली शिक्षित परिचारिकांनी देखरेखीखाली ही सुई देण्यास संमती दिली. आपल्याकडे ती डॉक्टरच देतात. मात्र मदुराईच्या अरविंद रुग्णालयात (स्थापना १९७६) खेड्यांतील मुली शिकून डोळ्याची बहुतेक तपासणी करितात, हे विसरू नये.

सुई कोणास द्यावी, हे तज्ज्ञाने ठरवावे. ती देण्याचे काम शिकलेल्या हातांवर सोपवावे, असे आमचे मत आहे. मात्र डोळा लाल होऊन दुखू लागल्यास त्याच दिवशी रोग्यास मिरजेस पोहोचविण्याची सोय हवी. ती नसेल, तर आम्हीही हा आग्रह धरणार नाही.