आधी केबल बघा!

प्रश्न : हेल्पडेस्कच्या मुलाखतीत ‘इंटरनेट चालत नाही, काय कराल?’ असं विचारल्यावर एका वाचकाने थेट फायरवॉल आणि राउटिंगच काढलं. निवड हुकली. चुकलं कुठे?

उत्तर : मुलाखत घेणारा इथे तपासाचा क्रम बघतो, उमेदवार मात्र साध्या प्रश्नात खोच शोधत बसतो.

आधी उलट विचारावं : एकाच मशीनवर की सगळ्यांकडे? कालपर्यंत चालत होतं का?

मग केबल, वाय-फाय आणि ‘आयपीकॉन्फिग’. विंडोजमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर बहुधा डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता ठीक असेल, तर गेटवेला पिंग, नंतर ८.८.८.८ ला. तिथून उत्तर येतंय, पण साइट नावाने उघडत नाही? पहिला संशय डीएनएसवर.

फायरवॉलचा नंबर त्यानंतर.