इंग्लंडमध्ये पहिलं घर घेताना: बीडहून आलेल्यांसाठी

अंबाजोगाईच्या मेडिकलमधून एनएचएसमध्ये आलेले डॉक्टर असोत, की पुण्यामार्गे आलेले माजलगाव-गेवराईचे इंजिनिअर. दोन-तीन वर्षं भाडं भरलं की एकच हिशेब डोक्यात घोळू लागतो: एवढ्यात घराचा हप्ता बसला असता. इथे आधी स्थिरावलेल्या कुटुंबांचं सांगणं या टिपणात एकत्र केलं आहे. त्याचं सार असं: धीर ओळखीच्यांकडून घ्या, सल्ला मात्र नोंदणीकृत मॉर्गेज अॅडव्हायजरकडूनच घ्या, आणि त्याच्यापासून गावाकडचं काही लपवू नका.

सल्लागार निवडताना

मंडळातल्या लोकांकडून नावं जरूर मिळवा, पण फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीच्या, म्हणजे एफसीएच्या ऑनलाइन रजिस्टरवर ते नाव स्वतः तपासा. माणूस आपल्याकडचा आहे, एवढ्यावर विश्वास टाकला की काय होतं, हे ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकलेल्या घरांना विचारा.

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा. सगळ्या बाजारातली कर्जं पाहता, की ठरावीक बँकांचीच? फी किती आणि ती कधी द्यायची? बँकेकडून तुम्हाला कमिशन किती मिळतं? उत्तरं लेखी घ्या. काही सल्लागार बँकेच्या कमिशनवरच काम करतात, काही वेगळी फी घेतात. इस्टेट एजंटने त्याचाच सल्लागार घ्या म्हणून कितीही आग्रह केला, तरी तो घेण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

व्हिसावर असलेल्यांना सल्लागाराची गरज सर्वांत जास्त. प्रत्येक बँकेचे नियम वेगळे: कुणी जास्त डिपॉझिट मागते, कुणी व्हिसाची किती मुदत उरली ते पाहते. चुकीच्या बँकेत पूर्ण अर्ज केला, तर त्या चौकशीची खूण क्रेडिट फाइलवर राहते. नोंदणीकृत सल्लागाराचा सल्ला चुकीचा निघाला, तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे विनामूल्य तक्रार करता येते. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या सल्ल्याला अशी दाद मागायची सोय नाही.

भेटीआधीची तयारी

तीन महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेची स्टेटमेंट, पी-६०, व्हिसाचा पुरावा आणि चालू कर्जांची यादी जवळ ठेवा. भारतातलं शैक्षणिक कर्ज, आईवडिलांना दरमहा पाठवता ती रक्कम, हेही त्यात लिहा. साधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पटीपर्यंत कर्ज मिळतं, पण असे खर्च त्यातून कमी होतात.

मतदारयादीत नाव आजच घाला. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्याने व्हिसावर राहत असतानाही त्यांना इथे मतदार होता येतं, आणि बँका पत्त्याची खात्री या यादीवरून करतात.

गावाकडचं घर

इथे आपली माणसं सर्वांत जास्त अडखळतात. 'फर्स्ट टाइम बायर'ला स्टॅम्प ड्युटीत सवलत आहे, पण अट अशी की जगात कुठेही तुमच्या मालकीचं घर कधीच असता कामा नये. वारसाहक्काने आलेला हिस्साही त्यात धरतात. दोघांच्या नावावर घेत असाल, तर दोघांनाही ही अट लागू.

वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे घरात आईइतकाच मुलाचा आणि मुलीचाही हिस्सा येतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव चढलेलं नसलं तरी. भावाला नंतर हक्कसोडपत्र करून दिलं, तरी 'घर कधीच नव्हतं' असं म्हणता येत नाही. नुसत्या सातबाऱ्यावरच्या शेतजमिनीला मात्र घर धरत नाहीत.

फरक किती पडतो ते पाहा. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी इंग्लंडमधल्या ३ लाख २५ हजार पाउंडांच्या घरावर सवलतीत १,२५० पाउंड ड्युटी लागते, सवलतीविना ६,२५०. गावाकडच्या घरातल्या हिश्श्याची किंमत ४० हजार पाउंड किंवा अधिक असेल, तर 'दुसरं घर' म्हणून ५ टक्के जादा लागून आकडा २२,५०० वर जाऊ शकतो. म्हणून घराची हकीकत सल्लागाराला आणि सॉलिसिटरला पहिल्याच दिवशी सांगा. शेवटचा निर्णय सॉलिसिटरचा.

गावाकडून येणारे पैसे

वडिलांनी जमीन विकून डिपॉझिटला हातभार लावला, तर खरेदीखत, सातबारा आणि बँक स्टेटमेंट यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर तयार ठेवा. पैसा आला कुठून, हे सॉलिसिटर विचारणारच. भारतातून एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो परत मिळवायला वडिलांना आयकर विवरणपत्र भरावं लागतं, मग उत्पन्न फक्त शेतीचं का असेना.

बँक त्यांच्याकडून पत्र लिहून घेते: ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हक्क सांगणार नाही. काकांकडून हातउसने घेतले असतील, तर ते कर्जच म्हणून सांगा. उसन्या पैशांना भेट म्हणून सही करणं ही फसवणूक ठरते आणि काकाही त्यात गोवले जातात.

हप्ता ठरवताना

व्याजदर सहसा दोन किंवा पाच वर्षं स्थिर असतो. मुदत संपली की बँकेचा चढा दर आपोआप लागतो, म्हणून सहा महिने आधी पुन्हा सल्लागाराला गाठा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड बसतो. दोन वर्षांत परत जायचा विचार असेल, तर तेही त्याला सांगा.

बँक देते तेवढं सगळं कर्ज उचलू नका. एकाची नोकरी सुटली तरी सहा महिने हप्ता भरता येईल, एवढी रक्कम बाजूला ठेवा आणि मगच घर बघायला बाहेर पडा.