आधी दाराची कडी, मग ट्रॅकर

भाचा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक. दार उघडं दिसलं की निघालाच. त्याच्यासाठी घेतलेलं चार हजारांचं जीपीएस घड्याळ त्याने तिसऱ्या दिवशी मोरीतल्या बादलीत बुडवलं. पट्टा मनगटाला टोचत होता. तेव्हा खरेदीला निघण्याआधी एक जुना पट्टा आठवडाभर बांधून बघा, फुकटात कळतं.

दुकानात दोन अगदी वेगळ्या वस्तू ‘ट्रॅकर’ म्हणून पुढ्यात येतात. एअरटॅगची चकती साडेतीन हजारांच्या आसपास मिळते. महिन्याचा खर्च नाही, सेल सुमारे वर्षभर चालतो, म्हणून मोह होतो. पण तिच्यात ना जीपीएस, ना सिम. तुमच्याकडे आयफोन हवा आणि चकतीजवळूनही कुणाचा तरी ॲपलचा फोन जायला हवा. दादर स्टेशनात जमेल. गावाबाहेरच्या विहिरीपाशी काहीच कळणार नाही. ती वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही, असं खुद्द ॲपल सांगते. शिवाय आतला बटणसेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

निघून जाणाऱ्या मुलाला सिमवालंच यंत्र हवं. साधारण अडीच ते सहा हजार. फक्त 2जीवर चालणारं स्वस्तातलं घेऊ नका, त्यात जिओचं सिम चालत नाही. खरा खर्च पुढेच आहे. डेटासकट रिचार्ज वर्षाला दोन-सव्वादोन हजार, म्हणजे चार हजारांचं यंत्र दोन वर्षांत आठ हजारांच्या वर जातं. कंपनीचंच सिम आत असेल तर दुसऱ्या वर्षाची वर्गणी किती, ते पैसे देण्याआधी विचारा. बॅटरी दिवस-दोन दिवस टिकते. दर मिनिटाला ठिकाण कळवायला लावलं तर त्याहून कमी. रोज रात्री चार्जिंग कोण लावणार, हेही घरात ठरवून टाका.

आणि नकाशावरचा ठिपका म्हणजे पत्ता नव्हे. बंद इमारतीत जीपीएस अडखळतं, मग मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधला जातो आणि तो शेकडो मीटरनी चुकू शकतो. चौदाव्या मजल्यावरचं मूल आणि तळमजल्यावर पाण्याच्या टाकीशी उभं असलेलं मूल, दोघांचा ठिपका एकच.

गुपचूप आवाज ऐकण्याची सोय असलेली मुलांची घड्याळं जर्मनीने 2017 साली बंद केली. तुम्हालाही ती सोय लागणार नाही.

आमच्याकडे शेवटी उपयोगी पडली ती दाराची वरची कडी आणि दार उघडताच कर्कश वाजणारा तीनशे-चारशेचा चुंबकी अलार्म. ट्रॅकरही आहे, पण मनगटावर नाही. काडेपेटीएवढा तुकडा, शिंप्याने शंभर रुपयांत चड्डीला आतून शिवलेल्या चेनच्या चोरखिशात.

परत करायची मुदत असेतोवर ट्रॅकर मोठ्या भावंडाच्या खिशात घालून त्याला बाजारात पाठवा आणि ठिपका किती मिनिटं मागे राहतो ते घड्याळ लावून बघा. मूल खरंच दिसेनासं झालं तर मात्र फोन बघत बसू नका. ऑटिस्टिक मुलांना अनेकदा पाण्याची ओढ असते. एकाने 112 लावावा, दुसऱ्याने आधी जवळची विहीर, तळं, टाकी गाठावी.