धंद्यातले इंग्रजी : ‘फॉल’ म्हणजे नेहमी पडणे नव्हे

कापडाच्या दुकानात ‘फॉल’ म्हणजे साडीच्या काठाला आतून लावायची पट्टी. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तेथे ‘फॉल’ म्हणजे गिरना, एवढेच पाठ केले. एकदा मुंबईच्या एका पेढीचे पत्र बार्शीला आले : बिल पंधरा तारखेला ‘फॉल्स ड्यू’. आम्हाला वाटले, त्या दिवशी रक्कम उतरणार. म्हणून थांबलो आणि व्याज भरून बसलो. चूक आमच्या वाचनाची होती.

दुकानदार बंधूंनी ध्यानात ठेवावे. ‘फॉल’पुढे विशेषण आले की त्याचा अर्थ ‘त्या स्थितीत जाणे’ असा होतो.

फॉल ड्यू – पैसे देण्याची मुदत भरणे.
फॉल शॉर्ट – कमी पडणे.
फॉल इल – आजारी पडणे.
फॉल व्हेकंट – जागा रिकामी होणे.
फॉल अस्लीप – झोप लागणे.

कमी पडणे, आजारी पडणे येथे मराठीशी मेळ बसतो. पण माल ‘महाग पडला’, माग ‘बंद पडला’ येथे इंग्रजीत ‘फॉल’ चालत नाही.

याचे भूतकाळी रूप ‘फेल’. ते नापासातले ‘फेल’ नव्हे. ‘बिल फेल ड्यू’ म्हणजे पैसे बुडाले नाहीत, मुदत भरली.

१८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात मुदतीच्या बिल ऑफ एक्स्चेंजला तीन दिवसांची सवलत आहे. उधारीच्या साध्या बिलाला ती नाही. म्हणून पत्रात ‘ड्यू’ दिसताच तारीख वहीत टिपावी.