चेन ब्लॉकसाठी ट्रॉली : साधी, गिअरची की मोटरची?

प्रश्न : वर्कशॉपमधील आय-बीमवर चेन ब्लॉक सरकवण्यासाठी कोणती ट्रॉली योग्य?

उत्तर : ट्रॉलीची चाके बीमच्या खालच्या फ्लँजवर, वेबच्या दोन्ही बाजूंनी धावतात आणि हॉइस्ट (म्हणजे चेन ब्लॉक) खाली टांगलेला राहतो. साधी ट्रॉली भार ढकलून सरकवायची असते. एक-दोन टनांपर्यंतचे, अधूनमधून हलवायचे वजन असेल तर ती पुरते. भार मात्र ढकलावा. साखळीने तिरका ओढू नये, कारण त्याने चाके फ्लँजवरून उचलली जातात.

गिअरच्या ट्रॉलीला हातसाखळी असते. ती ओढली की दातेरी चाके फिरतात आणि ट्रॉली हळूहळू, हवी तेवढीच सरकते. जड मोटर किंवा साचा नेमक्या जागी बसवायचा असेल, किंवा बीम उंचावर असेल, तर हीच घ्यावी. दिवसभर ने-आण असेल तर मोटरची ट्रॉली लागते. तिला वेग बदलणारा ड्राइव्ह जोडल्यास सुरू होताना व थांबताना भाराचे हेलकावे कमी होतात.

खरेदीत सर्वाधिक चूक होते ती बीमच्या मापात. आयएसएमबी (भारतीय मानकाचा मध्यम वजनाचा आय-बीम) २०० चा फ्लँज १०० मिमी रुंद, तर आयएसएमबी ३०० चा १४० मिमी. या बीमच्या फ्लँजची आतली बाजू उतरती असते, समांतर फ्लँजच्या बीमची सपाट. चाके त्यानुसारच निवडावीत. वॉशर बदलून दोन्ही बाजूंच्या प्लेटमधले अंतर जुळवावे.

ट्रॉलीची क्षमता हॉइस्टपेक्षा कमी नसावी. बीमच्या दोन्ही टोकांना स्टॉपर पक्के बसवल्याशिवाय ट्रॉली वापरू नये.